मदत हवी आहे: 'हॉलिडे'तून 'बुलेवार्ड'मध्ये जाताना सूर आणि ट्रेमोलो दोन्ही बिघडतात

ग्रीन डे या रॉक बँडच्या 'अमेरिकन इडियट' अल्बममधली 'हॉलिडे' आणि 'बुलेवार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' ही जोडी अल्बमवर आहे तशी, न थांबता वाजवायची आहे. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि कीबोर्ड.

'हॉलिडे' कॅपोशिवाय (म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणाऱ्या चिमट्याशिवाय) बसवलंय आणि 'बुलेवार्ड' पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून, त्यामुळे मध्ये कॅपो लावायला वेळच उरत नाही. दुसरं म्हणजे 'बुलेवार्ड' सुरू झालं की बेस आणि गिटार एकत्र भयंकर बेसूर लागतात. दोघांनीही नेटवरचे कॉर्डच घेतलेत. तिसरं, सुरुवातीच्या थरथरत्या कॉर्डसाठी ट्रेमोलो पेडल (आवाज झपाट्याने कमी-जास्त करणारं) आहे, पण आवाज तुटत नाही, नुसता डुलतो. जोडणीचा क्रम: गिटार, ट्रेमोलो, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं पेडल), अँप. जाणकारांनी कृपया सांगावं.

सहावी_तार:
दोन्ही गाणी एफ मायनरमध्येच आहेत, म्हणून कॅपो 'हॉलिडे'पासूनच पहिल्या फ्रेटवर ठेवा. 'हॉलिडे'च्या रिफचे एफ, डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट हे पॉवर कॉर्ड (फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम) मग ई, सी, जी, डी या आकारांत येतात. बी7चा आकार जिथे येतो तिथे तो डिस्टॉर्शनवर चिखल करतो. तिथे बी आणि एफ शार्प एवढ्या दोनच तारा वाजवा.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे टेकवून लावा आणि ट्यूनिंग कॅपो लावल्यानंतर करा. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. साध्या आवाजात ते खपून जातं, डिस्टॉर्शनमध्ये पॉवर कॉर्ड लगेच घुमायला लागतो.

बेसचं दुखणंही इथेच आहे. कॅपोवाल्या कागदावर 'ई मायनर' लिहिलेलं असतं, पण कानाला येतो तो एफ मायनर. बेसवाला तोच कागद बघून उघडी ई वाजवत असणार, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. त्याला कॅपोचा कागद देऊच नका. कडव्याला एफ, ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट. कोरसला डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. आणि कोरसच्या शेवटी डी फ्लॅट, ए फ्लॅट, सी. तालमीत कॉर्डची नावं तोंडाने घेतानाही खरीच घ्यायची, आकारांची नाही.

लूप_आणि_तार:
ट्रेमोलो डिस्टॉर्शनच्या आधी आहे, म्हणून डुलतोय. ट्रेमोलो आवाज लहान-मोठा करतो आणि डिस्टॉर्शन लहान-मोठा आवाज दाबून सारखा करून टाकतं, म्हणजे पेडलची सगळी मेहनत पुढच्याच डब्यात पुसली जाते. ट्रेमोलो डिस्टॉर्शननंतर लावा. डिस्टॉर्शन अँपचंच असेल तर अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची अँपमागची जागा). डेप्थ जवळजवळ पूर्ण, आणि वेव्ह निवडता येत असेल तर चौकोनी.

वेग: 'बुलेवार्ड' 84 बीपीएमच्या (मिनिटाला 84 बीट) आसपास आहे. एका बीटमध्ये चार ठोके धरले तर सेकंदाला 5.6, म्हणजे दर 179 मिलिसेकंदांना एक. पेडलला टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन वेग ठरवायची सोय) असेल तर सोपं. नसेल तर मेट्रोनोम 84 वर लावून खटका जुळेपर्यंत नॉब फिरवा आणि ती जागा मार्करने खुणावून ठेवा. 'हॉलिडे' संपल्यावर ड्रमरने काठ्यांवर मोजणी देऊ नये. ट्रेमोलोच्या खटक्यावरूनच लय उचलावी. 'हॉलिडे' बरंच जलद आहे, अंगात तोच वेग राहतो आणि 'बुलेवार्ड' हमखास पळतं.

धागाकर्ता:
बेसचं अगदी तसंच होतं, उघडी ई. आभार! आता कीबोर्डचं: कडव्यातला चौथा कॉर्ड बी फ्लॅट मायनर घेतला की गिटारशी भांडतो. एफ मायनरमध्ये मायनरच यायला हवा ना?

पांढरी_चार:
इथे नाही. पांढरी चारचा (म्हणजे एफचा) सा धरून पेटीवर वाजवून बघा. कडव्यात गंधार-निषाद कोमल पण धैवत शुद्ध, म्हणजे काफी थाट. बी फ्लॅट मेजरमधला डी हाच तो शुद्ध धैवत. कोरस डी फ्लॅटवर उघडतो तिथे धैवत कोमल होतो, म्हणजे आसावरी. कोरसच्या शेवटच्या सी मेजरमध्ये निषादही शुद्ध होतो, म्हणून तिथे एवढी ओढ लागते. या गाण्याची उदासी मला तरी या दोन धैवतांतच दिसते. तेव्हा कीबोर्डवाल्याने कडव्यात डी आणि कोरसला डी फ्लॅट, एवढं हातात बसवावं. शेवटच्या सीवर ई फ्लॅट चुकूनही लागता कामा नये, ई हवा.

सहावी_तार:
+१. एक राहिलं. याच अल्बममधलं 'जीझस ऑफ सबर्बिया' तर नऊ मिनिटांचं आणि पाच भागांचं आहे. या अल्बममध्ये सांधे महत्त्वाचे, म्हणून दोन गाण्यांमध्ये गायकाने माइकवर बोलू नये. एका गिटारने 'हॉलिडे'चा शेवटचा कॉर्ड लांबवावा, दुसऱ्याने तेवढ्यात व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ट्रेमोलो चालू करावा आणि मग व्हॉल्यूम उघडावा. आधी उघडलात तर पेडलचा खटका स्पीकरमधून ऐकू येतो.