वटहुकूम, अध्यादेश की जीआर? ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, २० सप्टेंबर २०२५ला, मामेभावाचा नाशिकहून फोन. न्यू जर्सीतल्या एडिसनला नोकरी, एच-वन-बी म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा, आजोबांच्या श्राद्धासाठी रजा टाकून आलेला. आवाज पार उतरलेला. घरच्या ग्रुपवर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं होतं: ‘एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर, ट्रम्प यांचा वटहुकूम’. कंपनीकडून निरोप होता, आहात तिथून ताबडतोब परत या.

मामी निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेलं. त्या म्हणाल्या, “वटहुकूम ना गं? मग अधिवेशन भरलं की सहा आठवड्यांत मंजूर तरी होईल, नाहीतर आपोआप जाईल. एवढं काय घाबरायचं?”

त्यांना शब्द नीट माहीत होता म्हणूनच त्या फसल्या. वटहुकूम म्हणजे ऑर्डिनन्स, आणि हे तसलं काही नव्हतंच. मग या धाग्यावरच्या जाणकारांनो, याला म्हणायचं काय?

काळा कोट
वटहुकूम आणि अध्यादेश एकच. आपल्याकडे राष्ट्रपतींना अनुच्छेद १२३ने आणि राज्यपालांना २१३ने तो अधिकार दिलाय. अट अशी की सभागृहाचं अधिवेशन चालू नसावं. निघाला की त्याला कायद्याचंच बळ. म्हणजे तो विधिमंडळाच्या गैरहजेरीत केलेला तात्पुरता कायदा.

अमेरिकेच्या अध्यक्षांना असा कायदा करता येत नाही. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे त्यांनी स्वतःच्या खात्यांना दिलेला हुकूम. तो राज्यघटनेने किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आधीच दिलेल्या अधिकारात बसावा लागतो. १९५२ साली कोरियाचं युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी अशाच आदेशाने पोलाद कारखाने ताब्यात घेतले. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, हा कायदा करण्याचा प्रकार आहे आणि ते काम तुमचं नाही. वटहुकुमाचा अधिकार असता तर हा खटला उभाच राहिला नसता.

माहितीस्तव सादर
मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. तुम्ही म्हणता त्याच्या सगळ्यात जवळचा आपला शब्द शासन निर्णय. लोकांच्या तोंडी जीआर. खाली ठरलेली ओळ असते, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि त्याखाली सही एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. एका सरकारने काढलेला दुसरं सरकार अधिक्रमित करतं, विधानसभेत जावं लागत नाही. व्हाइट हाउसच्या आदेशाचं तसंच.

क्रियापदांवरूनही फरक कळतो. अध्यादेश प्रख्यापित होतो, शासन निर्णय निर्गमित होतो, अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. बातमीदार तिन्हींना ‘निघाला’ म्हणतात आणि मग सगळं एका पोत्यात जातं.

बाराखडी
पोत्यात घालायची सवय आपल्याला घरातच लागलीय. जानेवारी २०२४मध्ये वाशीला मराठा आंदोलकांच्या हाती जो कागद दिला गेला, त्याला महाराष्ट्रभर ‘सगेसोयऱ्यांचा अध्यादेश’ म्हणाले. तो अधिसूचनेचा मसुदा होता. जात प्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती प्रस्तावित होती आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. गुलाल उधळला गेला मसुद्यावर! अध्यादेश म्हटलं की वाटतं काम झालं. मसुदा म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, अंतिम कधी होणार?

काळा कोट
बाराखडी, तुम्ही ‘हरकती व सूचना’ लिहून माझं एक कोडं सोडवलंत. अमेरिकेत १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार खात्याला नियम करायचा तर आधी प्रस्ताव फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या राजपत्रात, छापावा लागतो. मग लोकांचं म्हणणं मागवायचं, मग अंतिम नियम. अपवाद आहेत, पण वहिवाट ही. याला ‘सूचना आणि अभिप्राय पद्धत’ असं काहीतरी बोजड भाषांतर वाचलं होतं. आपल्या कुठल्याही नगरपालिकेच्या विकास आराखड्याच्या जाहिरातीत तयार शब्द पडलाय.

आणि नियम मोडीत काढायचा तरी साधारण हीच वाट चालावी लागते. वर कारणंही द्यावी लागतात. गाड्यांतल्या एअरबॅग किंवा आपोआप लागणाऱ्या पट्ट्यांचा नियम रेगन सरकारने १९८१मध्ये मागे घेतला, तेव्हा पटेल असं कारण दिलं नाही म्हणून १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. तिथली कसोटी ‘मनमानी आणि लहरी’पणाची. हे दोन शब्द मात्र मराठीत चपखल बसतात.

एडिसनची पाणीपुरी
आमच्या घरात हा फरक रोजच्या जेवणातला आहे. बायकोचं वर्क परमिट एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. ती सवलत २०१५च्या नियमाने मिळाली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढणार काढणार असं ऐकून आमची झोप उडाली होती. पण नियम होता, एका सहीने जाण्यातला नव्हता. काढायचा प्रस्ताव हरकतींसाठी प्रसिद्धच झाला नाही आणि जानेवारी २०२१मध्ये बायडन सरकारने तो गुंडाळला. कोर्टातही त्या २०१५च्या नियमावर दावा होता, तो ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिल्यावर संपला. गावाकडून विचारतात, “वहिनींच्या नोकरीचा जीआर रद्द झाला का?” मी म्हणतो, जीआर असता तर कधीच झाला असता.

अर्धविराम
मग दुसरा प्रश्न. ‘डेफरन्स’ला, म्हणजे न्यायालयाने खात्याने लावलेला अर्थ मान्य करण्याला, काय? ‘शेवरॉन डेफरन्स’ला मी एका लेखात ‘आदरतत्त्व’ लिहिलं आणि संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

काळा कोट
संपादकांचं बरोबर आहे. शेवरॉन हा खटलाच शब्दचर्चेचा होता. हवाप्रदूषणाच्या कायद्यात ‘स्रोत’ असा शब्द. स्रोत म्हणजे एकेक धुराडं की अख्खा कारखाना? एकेक धुराडं धरलं तर नवं बसवताना नवा परवाना. कारखाना एकच धरला तर इथे वाढलेला धूर तिथे कमी करून भरून काढता येतो. पर्यावरण खात्याने दुसरा अर्थ घेतला. १९८४मध्ये न्यायालय म्हणालं, कायदा संदिग्ध असेल आणि खात्याचा अर्थ वाजवी असेल, तर आम्ही आमचा अर्थ लादणार नाही.

बाराखडी
म्हणजे शब्दप्रमाण? खातं म्हणेल ते आप्तवाक्य?

काळा कोट
नाही, आप्तवाक्यापुढे प्रश्नच संपतो. इथे दोन चाळण्या होत्या, संदिग्ध आहे का आणि वाजवी आहे का. मी ‘झुकतं माप’ म्हणेन. खात्याच्या अर्थाला झुकतं माप.

माहितीस्तव सादर
झुकत्या मापात पक्षपाताचा वास येतो. शासकीय लेखनात चालणार नाही.

काळा कोट
काका, वास आहे म्हणूनच चालेल. २८ जून २०२४ला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी शेवरॉन मोडीत काढला तो याच तक्रारीवर, की कायद्याचा अर्थ लावणं न्यायाधीशांचं काम आणि तराजू आधीच एका बाजूला कललेला नको. हेरिंग नावाचे मासे पकडणाऱ्या बोटवाल्यांची केस. बोटीवर सरकारी निरीक्षक बसवणार आणि त्याचा पगारही बोटवाल्यानेच द्यायचा, असा नियम खात्याने केला होता. पगार कुणी द्यायचा याबद्दल त्या बोटींपुरता कायदा गप्प. समर्थकांना मात्र ते माप रास्त वाटायचं. त्यांचं म्हणणं, मासे आणि धूर यातलं न्यायाधीशांना काय कळतं, खात्यात त्यातली जाणकार माणसं बसलीत. दोन्ही बाजूंना पटेल असा निर्मळ शब्द शोधलात तर भांडण कशावरून होतं तेच दिसेनासं होईल.

माहितीस्तव सादर
बरं. माझी हरकत नोंदवून घ्या, शब्द ठेवा.

एडिसनची पाणीपुरी
आणि ‘फेडरल एजन्सी’? इकडे आईला एजन्सी म्हटलं की गॅसचीच आठवते.

बाराखडी
‘अभिकरण’ कोशात आहे, तिथेच राहू दे. तपासाचं असेल तर यंत्रणा, बाकी केंद्रीय खातं. फार तर पहिल्यांदा ‘अमेरिकेचं केंद्रीय’ लिहा. ‘संघीय’ लिहिलंत की अर्धे वाचक नागपूरला पोचतात.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. आता मूळ कागद पाहिला तर ती एक्झिक्युटिव्ह ऑर्डरसुद्धा नव्हती. ती प्रोक्लमेशन, म्हणजे उद्घोषणा. मुदत होती, पण मामींच्या सहा आठवड्यांची नाही, बारा महिन्यांची. आणि एक लाख डॉलर फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही, हा खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. तोवर भावाने दुप्पट पैसे मोजून तिकीट काढलं होतं. श्राद्ध मामींनी गुरुजींना बोलावून उरकलं.

काल मामींना हा सगळा धागा वाचून दाखवला. ‘राष्ट्राध्यक्षांची उद्घोषणा’ हे त्यांना पटलं. म्हणाल्या, “मग त्या पेपरवाल्यांना तसं लिहायला काय हरकत होती?” जरा थांबून, “आणि माझी एक सूचना पण आहे. पुढच्या वेळी कात्रण टाकायच्या आधी मला वाचून दाखव.”