कोअ‍ॅक्सवरचं जुनं १०बेस२ नेटवर्क पुन्हा चालू करायचंय, मदत हवी

लालदिवा
नमस्कार मंडळी. आमच्या पॉलिटेक्निकच्या मेळाव्याला यंदा ९२ ते ९६ च्या सुमारास नोकरीला लागलेल्या बॅच येणार आहेत. या सगळ्यांची सुरुवात काळ्या कोअ‍ॅक्स केबलवर झाली (१०बेस२ म्हणजे एकाच केबलवर ओळीने यंत्रं जोडायचं जुनं इथरनेट). म्हणून नुसते फोटो लावण्याऐवजी चालतं नेटवर्कच टेबलावर मांडायचं ठरलंय. चार यंत्रं आहेत (दोन ४८६, दोन पेंटियम), एनई२००० जातीची चार आयएसए नेटवर्क कार्डं आहेत, कार्डाला दोन्हीकडच्या केबल जोडणारे टी कनेक्टर पाच आहेत. केबलच्या दोन्ही टोकांना लावायचा टर्मिनेटर (५० ओहमची टोपी) मात्र एकच सापडला. केबल अजिबात नाही. सीसीटीव्हीवाल्याकडे बीएनसी (फिरवून बसणारा प्लग) लावलेली तयार केबल मिळते, ती चालेल का? दुसऱ्या टर्मिनेटरचं काय करावं? आणि सॉफ्टवेअर नॉव्हेलचं (त्या काळचं सर्व्हरवालं नेटवर्क) टाकावं की सोपं काही आहे?

पन्नास_ओहम
सीसीटीव्हीची केबल घेऊ नका. बीएनसी दिसायला तेच, बसतंही तसंच, पण ती केबल ७५ ओहमची. तुम्हाला आरजी-५८ हवी, ५० ओहमची. वायरलेस सेट आणि अँटेनाचं सामान विकणाऱ्याकडे मागा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला विचारा. केबलच्या अंगावर 'आरजी-५८' छापलेलं स्वतः वाचून मगच पैसे द्या.

चार यंत्रांना तीन तुकडे लागतील. दोन टींमधलं अंतर अर्ध्या मीटरपेक्षा कमी नको, त्यामुळे टेबल शेजारी असले तरी तुकडे दीड-दोन मीटरचे कापा. (सेगमेंटची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या केबलची, मर्यादा १८५ मीटर आणि ३० जोडण्या, त्याची तुम्हाला काळजी नाही.) टी थेट कार्डावर बसवायचा. टीपासून कार्डापर्यंत वेगळी शेपटी काढली की सिग्नल तिथून परततो.

क्रिंप करताना (पकडीने दाबून प्लग बसवताना) एक चूक हमखास होते: केबलमधल्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या पिनेला चिकटून राहतो. जाळी पूर्ण मागे दुमडा, पिन बसवा, आतलं पांढरं इन्सुलेशन नीट बघा, मगच बाहेरची नळी दाबा. पिन 'टक्' करून बसली नाही तर ती मागे सरकते, आणि केबल हलवली की नेटवर्क बंद पडतं.

दुसरा टर्मिनेटर घरीच बनवा. १०० ओहमचे पाव वॉटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा आणि बीएनसी प्लगमध्ये पिन व अंग यांच्यामध्ये डाग द्या. तारेच्या वेटोळ्याचा रेझिस्टर वापरू नका.

खटपट्या
वरच्या सगळ्याला सहमत. फक्त टर्मिनेटरबद्दल एक भर, कारण 'टर्मिनेटर नसला की सिग्नल परततो' एवढंच सांगितलं जातं आणि तेवढं अर्धंच आहे. कार्ड केबलमध्ये ठरावीक करंट सोडतं, सरासरी साधारण ४१ मिलिअँपिअर. दोन टोकांचे दोन टर्मिनेटर समांतर म्हणजे २५ ओहम, म्हणून केबलवर सुमारे १ व्होल्ट दिसतो. दोघं एकदम बोलले की व्होल्टेज वाढतं, आणि टक्कर ओळखायची खूण तीच. एक टर्मिनेटर काढा: २५ चे ५० ओहम झाले, व्होल्टेज दुप्पट. आता एकटं कार्ड बोललं तरी त्याला टक्करच वाटते. एक टोक निघालं की अख्खी लॅब ठप्प व्हायची, ती यामुळे.

म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. सगळी यंत्रं बंद ठेवा, कुठलाही एक टी कार्डापासून काढा (केबलपासून नाही), त्याची मधली पिन आणि अंग यांच्यात किती ओहम येतात ते मोजा.
२५ च्या जरा वर: ठीक.
५० च्या आसपास: टर्मिनेटर गळालाय किंवा तार तुटलीय.
शून्याजवळ: जाळी पिनेला लागलीय.
३७ च्या आसपास: कोणीतरी ७५ चे टर्मिनेटर लावलेत.
बिघाड शोधायला मधला टी उघडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. ज्या बाजूला ५० येत नाहीत ती पुन्हा अर्धी करा.

आयआरक्यू_पाच
केबल २५ दाखवतेय आणि तरी एकच यंत्र मुकं, तर आधी कार्डावरचा जंपर बघा: बीएनसी की दुसरं पोर्ट. मग त्यावरचा छोटा काळा कन्व्हर्टर. तो ५ व्होल्टचे उणे ९ करून कोअ‍ॅक्सच्या चिपला देतो. तो गेला तर कार्ड सेटअपमध्ये दिसतं पण केबलवर काहीच जात नाही.

एनई२००० बरेचदा पोर्ट ३००, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ३ वर असतं, आणि आयआरक्यू ३ कॉम२ चा. कार्ड ५ किंवा १० वर न्या, साउंड कार्ड असेल तर १०.

मेळाव्यासाठी विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ पुरेसं आहे. नेटवर्क सेटअपमध्ये कार्ड निवडा, तोच आयआरक्यू भरा, प्रोटोकॉल नेटब्युई, चारही यंत्रांना वर्कग्रुपचं नाव एकच पण यंत्राचं नाव वेगळं. मग फाइल मॅनेजरच्या डिस्क मेनूतून 'शेअर अ‍ॅज'. आयपी पत्ता लागतच नाही.

पण त्या बॅचला काळ्या पडद्यावरचं एफ: (नॉव्हेल सर्व्हरचा ड्राइव्ह) बघायचं असणार! सर्व्हर मिळत असेल तर नॉव्हेल जरूर लावा. यंत्रावर प्रोग्रॅम चालवायचा क्रम एलएसएल, एनई२०००, आयपीएक्सओडीआय, मग व्हीएलएम, आणि कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह=झेड. सर्व्हर सापडत नाही असं दाखवलं तर बहुतेक वेळा फ्रेमचा (डेटाच्या पाकिटाच्या साच्याचा) घोळ: नॉव्हेल ३.११ चा सर्व्हर मुळात ८०२.३ बोलतो, ३.१२ आणि ४ हे ८०२.२. नेट.सीएफजीमध्ये सर्व्हरचीच फ्रेम लिहा.

लालदिवा
खूप आभार. टर्मिनेटर घरीच बनवतो. अर्थिंग दोन्ही टोकांना करायचं ना?

खटपट्या
नाही, एकाच टोकाला. दोन्हीकडे केलंत आणि दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये फरक असला, तर तो करंट केबलच्या जाळीतून वाहतो. टी आणि टर्मिनेटर यंत्राच्या पत्र्याला किंवा लोखंडी टेबलाला टेकू देऊ नका, तेही अर्थच झालं. प्रत्येक टीवर रबरी टोपी किंवा साधी इन्सुलेशन टेप गुंडाळा.