वारा नव्हता, पाणी आलं : डोंगराळ बेटांवरचे तुमचे अनुभव

सागरमाथ्यावरून
काल संध्याकाळी पोर्ट लुईत भाजी घेऊन निघाले तर ल पूस डोंगरामागे आभाळ काळंकुट्ट झालेलं. ल पूस म्हणजे अंगठा, दिसतोही तसाच. मॉरिशसला येऊन चौदा वर्षं झाली, पण तो अंगठा ढगात बुडाला की माझे पाय अजून आपोआप भरभर पडायला लागतात.

३० मार्च २०१३. ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. चक्रीवादळ नव्हतं, वारासुद्धा नव्हता. दुपारी पाऊस सुरू झाला आणि दोन तासांच्या आत दीडशे मिमी कोसळला. मी कामाच्या ठिकाणी पहिल्या मजल्यावर अडकले. जिन्यात येऊन पाहिलं तर खालच्या पायरीशी एक जांभळी चप्पल तरंगत होती. घरी फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला. तेवढ्यात ती चप्पल चार पायऱ्या वर आली होती. पाणी असं चढतं हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी ११ माणसं गेली. काही रस्त्याखालच्या भुयारी वाटेत, काही तळघरातल्या पार्किंगमध्ये. त्याच भुयारी वाटेने मी रोज बसस्टॉपला जायचे.

या शहराच्या तिन्ही बाजूंना डोंगर, पुढे समुद्र. उतारावरचा ओढा शहरात शिरतो तो काँक्रीटच्या कालव्यातून, आणि कालव्यात मावेना की मग रस्ताच ओढा होतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आलं तेव्हा पुन्हा तेच. माणसं कामावर होती आणि गाड्या एकमेकींवर चढत वाहत गेल्या.

तुमच्यापैकी कोणी अशा बेटांवर राहिलं असेल, फिरलं असेल तर लिहा. मला ऐकायचंय.

मीठभाकर
बापरे. त्या चपलेपाशीच थांबले गं. कुकर लावून येते, मग उरलेलं वाचते.

घाटवाट
रादिए.
हा शब्द मी रेयुनियनला शिकलो, तुमच्या शेजारच्याच बेटावर. नदीच्या पात्रातूनच सपाट काँक्रीट टाकून केलेली वाट. एरवी कोरडी ठणठणीत. आम्ही भाड्याची गाडी घेऊन निघालो होतो, खाली लख्ख ऊन. घरमालकीण आजी दारात आडवी उभी राहिली आणि हाताने डोंगराकडे दाखवत राहिली. वर कापसासारखे ढग होते, बाकी काही नाही. भाषा कळेना, पण आजीचा चेहरा कळला. थांबलो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्या रादिएवरून तपकिरी पाण्याची भिंत गेली, सोबत एक अख्खं झाड. तोवर खाली पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

तिथेच कळलं की २००७ साली गामेद वादळात तिथल्या कोमेरसों ज्वालामुखी विवराजवळ ७२ तासांत ३,९२९ मिमी पाऊस मोजला गेला. जगातला विक्रम. जवळजवळ चार मीटर, म्हणजे आपल्या खोलीच्या छताच्याही वर! आणि वादळाचा डोळा बेटावरून गेलाच नव्हता, दूर समुद्रातूनच गेला. सें-एतिएन नदीवरचा पूल त्याच पुरात पडला.

उगीच_विचारते
पण एवढ्याशा बेटावर एवढा पाऊस कसा काय? आजूबाजूच्या समुद्रात तर इतका पडत नसेल ना?

ढगांतला
@उगीच_विचारते, नाही पडत. वादळाची ओली हवा डोंगराला धडकते, तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर गेली की गार होते आणि पोटातलं पाणी तिथेच सोडते. वादळ रेंगाळलं की तासन्‌तास त्याच कड्यावर. शिवाय रेयुनियनचं शिखर तीन हजार मीटरच्या वर आणि तिथून समुद्र जेमतेम वीस-पंचवीस किमी. पाण्याला वाटेत थांबायला जागाच नाही. मोठ्या नदीचा पूर वरच्या गावांतून कळत कळत येतो, दोन-तीन दिवस मिळतात. इथे तासभर मिळाला तरी नशीब.
बातम्यांत सगळे विचारतात वादळ कितव्या कॅटेगरीचं. ती कॅटेगरी फक्त वाऱ्याची. पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

दर्यावर्दी_काका
ढगांतला यांना अनुमोदन. २०१५, ऑगस्ट, कॅरिबियन. एरिका नावाचं वादळ, हरिकेन (तिकडचं मोठं चक्रीवादळ) सुद्धा झालेलं नव्हतं. आम्ही बोटीवर निर्धास्त. दोन दिवसांनी डॉमिनिका बेटाच्या बाजूने गेलो तर समुद्र तांबडा, आणि त्यात मुळांसकट झाडं. एका झाडाच्या मुळांत दाराची चौकट अडकलेली, कडी लावलेल्या दारासकट. बोटीवर कोणी बोलेना. पुढे वाचलं, पेतीत सावान नावाचं गाव कायमचं उठवावं लागलं, डोंगरच खाली आला होता. मोबाईलवर मराठी टायपायला वेळ लागतो, चुका असतील तर समजून घ्या.

मीठभाकर
काका, कडी लावलेलं दार... काय बोलू.

होणारा_डॉक्टर
फिलिपिन्समध्ये एमबीबीएसला आहे. इथे रात्री-अपरात्री सगळ्यांचे फोन एकदम केकाटतात. पिवळा, नारिंगी, लाल असे पावसाचे इशारे. लाल म्हणजे तासाला ३० मिमीच्या वर. पहिल्या वर्षी आम्ही पोरं आवाज बंद करून झोपायचो. घरमालकिणीला कळलं तेव्हा इतकी ओरडली! ती कागायान दे ओरो शहराची. डिसेंबर २०११ च्या सेंदाँग वादळात रात्री झोपेतच नदी घरात आली. तेही साधं ट्रॉपिकल स्टॉर्मच, टायफूनपेक्षा कमी वाऱ्याचं. हजाराहून जास्त माणसं गेली. तिची बहीण त्यात. तेव्हापासून तिच्या दाराला एक पिशवी लटकलेली असते, कागदपत्रं, विजेरी, शिट्टी. अंधारात हाक ऐकू जात नाही, शिट्टी जाते म्हणते. आता माझ्याही दाराला आहे.
आम्ही तिला आते म्हणतो.

उगीच_विचारते
आते?? वडिलांची बहीण? 😀

होणारा_डॉक्टर
नाही, इथल्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. आईला सांगितलं तर म्हणे चला, परदेशात आत्या मिळाली. खूप जीव लावते. उद्या पेपर आहे, पळतो.

मीठभाकर
पेपर छान जाऊ दे रे बाळा. आणि आवाज बंद करू नकोस फोनचा.

समईची_वात
हवाई, काउआई बेट, हानाकापिआईचा ओढा. जाताना घोट्याएवढं पाणी, तळातला गोटा न् गोटा दिसत होता. परतताना आधी पानं आली, मग काटक्या. मग पाणी दुधाळ चहासारखं. आणि मग आवाज. पाण्याखालून धोंडे एकमेकांवर आपटत होते, तो आवाज कानांनी नाही, तळपायांनी ऐकू येतो. हे म्हणाले दहा पावलं तर आहेत, हात धर. तिथल्याच एका बाईने दोन्ही हात पसरून आमची वाट अडवली. ऐलतीरावर सोळाजण रात्रभर बसलो, माझ्याकडचे चार लाडू सोळा जणांत. पहाटे पाणी उतरलं. दहा पावलांतली मधली तीन नव्हतीच, तिथे डोह झाला होता.
त्याच किनाऱ्यावर एप्रिल २०१८ मध्ये २४ तासांत १,२६० मिमी पडला, रस्ता वर्षभर बंद होता. आम्ही गेलो ते त्याआधी.

घाटवाट
तळपायांनी ऐकू येतो. अगदी, अगदी.

तैपेकर
तैवानला टायफूनची सुट्टी जाहीर होते, आदल्या रात्री सगळे बातम्यांकडे डोळे लावून असतात. आम्हीही. पण मोराकोट टायफूनने (ऑगस्ट २००९) श्याओलिन गाव गाडलं, त्या भागातला सहकारी सुट्टी जाहीर झाली की गप्प होतो. कारण कळलं तेव्हापासून त्याच्यासमोर सुट्टीचा आनंद करत नाही. दरड नदीत पडून बांध होतो, मागे तळं साचतं आणि तो बांध फुटला की पाऊस थांबल्यावरही पूर येतो. म्हणून आभाळ निवळलं तरी लगेच खाली उतरायचं नाही, हे त्यानेच शिकवलं.

उगीच_विचारते
अवांतर: माथ्यावरून ताई, मॉरिशसच्या जुन्या मराठी घरांत अजून मराठी बोलतात का?

सागरमाथ्यावरून
घरात बहुतेक क्रिओलच, पण गणपतीत झाकरी (आपल्या जाखडीसारखी नाच-गाणी) ऐकशील तर डोळे भरून येतील. वेगळा धागा काढते त्यावर.
सगळ्यांचं वाचलं. काका, तुमचं दार आणि माझी चप्पल आज डोक्यातून जाणार नाहीत. दरवेळी कोणीतरी हात आडवे करून थांबवलं म्हणून आपण इथे लिहितोय. घाटवाट, त्या आजींना माझा नमस्कार कळवता आला तर कळवा.
आत्ता पुन्हा अंधारून आलंय, अंगठा दिसत नाही. कालव्याकडून नको, वरच्या रस्त्याने जाते. निघते.

मीठभाकर
पोचलीस की लिही.

मीठभाकर
पोचलीस का गं?

सागरमाथ्यावरून
पोचले. पदर पिळतेय.