फायली फोल्डरात लावाव्यात की सर्चने शोधाव्यात?

हळदपट्टी (सांगली)
मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांची आणि शेतकऱ्यांची कागदपत्रं मी सांभाळतो. माझं मत असं की फोल्डरात फोल्डर घालत बसणं आता सोडून द्यावं. एका शेतकऱ्याचा सातबारा 'पीककर्ज'मध्ये ठेवायचा, 'पीकविमा'मध्ये, की त्याच्या नावाच्या फोल्डरात? कागद एक आणि कामं तीन, म्हणून लोक तीन कॉप्या करतात. पुढं नवा उतारा आला की तो एकाच जागी पडतो आणि बँकेत जुना जातो. त्यापेक्षा फाईलच्या नावातच सगळं लिहा: 'कवलापूर पाटील सातबारा २०२४-०६-१८'. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख दिली की एकाच माणसाचे उतारे आपोआप ओळीने लागतात. एक्स्प्लोररच्या सर्चमध्ये 'पाटील सातबारा' टाका, काम झालं.

मिरजकर
मला हे अजिबात पटत नाही. आमच्या ऑफिसात टायपिंग करणारे तिघं. एक 'सातबारा' लिहितो, दुसरी '७-१२', तिसरा नुसतंच 'उतारा'. (७/१२ असं तर विंडोज नाव देऊच देत नाही, तिरपी रेघ चालत नाही.) सर्चला नेमका शब्द लागतो. आणि मोठी गोष्ट म्हणजे, काय आलेलं नाही हे सर्च सांगत नाही. ऑडिटच्या आधी मी पक्षकाराचा फोल्डर उघडतो. बँक स्टेटमेंट आहे, हिशेबपट्ट्या आहेत, भाडेकरार नाही, हे एका नजरेत कळतं.

तासगावकर
जुन्या फायलींचं कुणी बोलतच नाही. आमच्याकडे बेदाण्याच्या व्यवहाराची कितीतरी पत्रं श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली आहेत. पडद्यावर 'बेदाणा' स्वच्छ दिसतं. तोच मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा, की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग उभी राहते. कॉम्प्युटरच्या लेखी फाईलमध्ये तेवढंच असतं. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, 'बेदाणा' टाकून ती पत्रं जन्मात सापडणार नाहीत. मोबाईलवर फोटो काढून केलेल्या पीडीएफचंही तेच, आत अक्षरंच नसतात, नुसतं चित्र.

हळदपट्टी
तासगावकर, मजकूर वाचता येत नाही म्हणूनच तर नाव नीट द्यायला सांगतोय! श्रीलिपीतलं पत्र फोल्डरात टाकल्यानं त्यातला मजकूर शोधता येत नाहीच की.
सर्च बिनकामाचा म्हणणाऱ्यांनी एक तपासा. विंडोज मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा ठरावीक जागांचीच सूची करून ठेवतं. आपल्याकडे सगळा डेटा डी ड्राईव्हवर. तिथं ते फक्त नावं चाळतं, तेही सावकाश, आतला मजकूर बघत नाही. सर्चच्या सेटिंगमध्ये 'क्लासिक'ऐवजी 'एनहान्स्ड' करा, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरची सूची होते. पहिल्यांदा वेळ लागतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. शब्दाचा मधलाच तुकडा आठवत असेल तर आधी तारा-चिन्ह द्या.

विश्रामबाग
जुन्या मशीनवर एनहान्स्ड केलं की टॅली उघडायलासुद्धा वेळ लागतो, हेही सांगा. आणि कामाचा माणूस सोडून गेला तर? नव्या पोरीला कोणता शब्द टाकायचा हेच माहीत नसतं. फोल्डर उघडत गेली की तिला धंदा कळतो.

मिरजकर
अगदी बरोबर. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ते विसरू नका. वर्षाचा फोल्डर असला की तो तसाच उचलून बाहेरच्या डिस्कवर जातो.

हळदपट्टी
तारखेची अट लावून सर्च केलं, कंट्रोल-ए मारून कॉपी केलं, की तेही तसंच डिस्कवर जातं. कोणता कागद आला नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. त्यासाठी मी एक्सेलमध्ये पक्षकारवार यादी ठेवतो आणि कागद येईल तशी खूण करतो.

मिरजकर
म्हणजे फाईलचं नाव एकदा लिहायचं आणि यादीत पुन्हा खूण करायची. मार्चअखेरीला त्या गर्दीत यादीत खूण करायची राहिली, तर आलेला कागदही तुम्ही पक्षकाराकडं पुन्हा मागणार. माझ्या फोल्डरात कागद टाकला की नोंद झालीच.