नणंद-भावजय एवढंच दिसतं का? महिला उमेदवारांच्या बातम्यांबद्दल विचारायचंय

नीरेकाठची:
मी पुरंदरची, म्हणजे बारामती लोकसभेची मतदार. 2024 ला सुप्रियाताई सुळे विरुद्ध सुनेत्राताई पवार लढत झाली तेव्हा चॅनेल लावा नाहीतर पेपर उघडा, नणंद-भावजय, नणंद-भावजय, दुसरं काही नाहीच. एक 2009 पासून लोकसभेत आहे, दुसरीने काटेवाडीत ग्रामस्वच्छतेचं काम उभं केलंय, टेक्स्टाईल पार्क बघितलंय, आणि बातमी कशाची तर घरात बोलणं होतं का नाही याची. आमच्याकडे टँकर चालू होते हो तेव्हा. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं काय करणार हे दोघींना धरून किती जणांनी विचारलं? मला संपादकांना पत्र लिहायचंय. तुम्हाला खटकतं का हे? उदाहरणं द्या, पण सगळ्या पक्षांची द्या.

दौंडचा_संतोष:
ताई, मला पूर्ण नाही पटत. त्याच वर्षी विधानसभेला अजितदादांसमोर युगेंद्र पवार होते तेव्हा काका-पुतण्या झालंच की. 2019 ला परळीत पंकजाताई आणि धनंजय मुंडे, तिथे बहीण-भाऊ. घराण्यातच लढत म्हटल्यावर नातं येणारच. आणि मूळ पवार नि बाहेरून आलेले पवार हा फरक खुद्द पवारसाहेबांनी केला, मग पेपरवाले छापणार नाहीत का?

रोहिणी_गिरगाव:
संतोषदादा, छापू देत ना, पण पुढे काय झालं ते आठवा. त्याच वक्तव्यावर सुनेत्राताईंना कॅमेऱ्यासमोर विचारलं, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि तीच क्लिप सगळीकडे फिरली. चाळीस वर्षं घरात राहिलेली सून बाहेरची कशी, हे विचारायचं सोडून बाई रडली ही बातमी. काका-पुतण्यात वारसा कोणाचा, कारखाने कोणाकडे, अशी राजकारणाची तरी चर्चा होते, नणंद-भावजय म्हटलं की लगेच घरातलं भांडण. पक्षांचं म्हणाल तर सगळे सारखेच. 2022 ला भाजपचे चंद्रकांत पाटील सुप्रियाताईंना घरी जाऊन स्वयंपाक करा म्हणाले, 2024 ला ठाकरेंच्या सेनेचे अरविंद सावंत मुंबादेवीतल्या शिंदे सेनेच्या उमेदवार शायना एनसींबद्दल इम्पोर्टेड माल बोलले. ते शब्द चॅनेलवाल्यांनी दिवसभर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात चालवले, आणि मुंबादेवीतल्या मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींबद्दल बाईंना काय करायचंय ते बाजूलाच राहिलं.

तालुका_बातमीदार:
पेपरचं नाव सांगत नाही. पाण्याची बातमी पाठवली की आतल्या पानावर दोन परिच्छेद, नात्याची पाठवली की पहिल्या पानावर फोटोसकट. डेस्कवरून फोनही येतो, जरा घरगुती अँगल बघा म्हणून. पत्र लिहाच, वाचकांची पत्रं आली की मीटिंगमध्ये निदान विषय तरी निघतो.

सुनंदा_पाटील_जळगाव:
मोठ्या नावांचं राहू दे, खाली बघा काय चालतं. मी 2017 ला पंचायत समितीला उभी होते. बातमीदाराचा फोन आला, मी उचलला तर म्हणे साहेबांना द्या. म्हटलं उमेदवार मीच आहे, बोला. मग प्रश्न काय, तर घर आणि प्रचार दोन्ही कसं सांभाळता. मी अंगणवाडीच्या गळक्या खोल्या, पाणंद रस्ते, सगळं गावांच्या नावानिशी सांगितलं आणि छापून काय आलं तर स्वयंपाक उरकून प्रचाराला निघते. फोटोत मिस्टर पुढे, मी त्यांच्या खांद्यामागे अर्धी. आपल्याकडे 2011 पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तरी ही तऱ्हा. नीरेकाठची ताई, पत्रात नुसती नाराजी नको, नेमकं मागा. फोन उमेदवाराच्याच नंबरवर करा, फोटो तिचा एकटीचा छापा, आणि जो प्रश्न पुरुषाला विचारणार नाही तो तिलाही विचारू नका.

नीरेकाठची:
सुनंदाताई, हे तीन मुद्दे जसेच्या तसे घेते. संतोषदादा, तुमचं काका-पुतण्याचं म्हणणंही लिहिते, नाहीतर संपादक पहिलं तेच उत्तर देतील. रविवारपर्यंत मसुदा इथे टाकते, सही करणाऱ्यांनी तालुक्याचं नाव द्या.