पोर्तुगीज पासपोर्ट घेतला म्हणजे गोवा नकोसा झाला?

मडगावकर:
परवा पुण्याच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की गोव्यातले लोक पोर्तुगीज पासपोर्ट घेतात कारण मनाने ते अजून तिकडचेच आहेत. वाचून फार लागलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांची जन्मनोंद लिस्बनला करता येते, मग मुलं-नातवंडांनाही नागरिकत्व मिळू शकतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तो घेतला की भारतीय पासपोर्ट जातो. पण यातले बरेच जण पोर्तुगालला राहतच नाहीत हो, ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर तिथे राहून काम करता यायचं म्हणून सगळी गर्दी इंग्लंडला, तिथल्या स्विंडन शहरात तर गोव्याची वस्तीच झालीये, वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतायत. लिस्बनच्या ओढीने गेलेला माणूस स्विंडनला कशाला राहील?

दादरकर७२:
पोटासाठी गेले, मान्य. पण नागरिकत्व सोडणं म्हणजे घर बदलणं नव्हे. १९५५ ला सेनापती बापट, नानासाहेब गोरे सत्याग्रही घेऊन गोव्यात शिरले, त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, आपल्या महाराष्ट्रातली माणसं गेली त्यात. ज्या सत्तेविरुद्ध हे सगळं झालं तिचाच पासपोर्ट मागायचा हे मला गिळवत नाही, सॉरी.

मडगावकर:
ती सत्ता सालाझारची हुकूमशाही होती, ती १९७४ लाच उलथली. आणि मग आन्तोनिओ कोस्तांचं काय? वडिलांकडून मडगावचे, पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा आपण सगळे खूश, २०१७ ला मोदींनी लिस्बनमध्ये त्यांच्या हातात ओसीआय कार्ड दिलं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. तिथे गोव्याचा अभिमान आणि वेअरहाउसवाल्याला गद्दार म्हणायचं, हे चुकीचंच आहे.

दादरकर७२:
कोस्ता जन्मले लिस्बनला. त्यांनी भारताचं काही सोडलं नाही. फरक आहे.

बांद्याचो झील:
आमच्या बांदा-सावंतवाडीची पोरं रोज बाइकवरून गोव्यात कामाला जातात. मुंबईतला चाकरमानी गणपतीला आला की अख्खं गाव खूश, तू कोकण का सोडलंस असं त्याला कोण विचारत नाही कारण सगळ्यांना माहितीये का सोडलं ते. मग गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या माणसालाच देशप्रेमाचा दाखला का मागायचा?

दादरकर७२:
चाकरमान्याचा पासपोर्ट भारताचाच आहे, भाऊ.

सासष्टीची:
मी स्विंडनला असते. भारतीय पासपोर्ट जमा करायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला, कोपरा कापला आणि परत दिला, मी तो अजून कपाटात ठेवलाय. इथे कामावरचे इंग्रज लोक धरूनच चालतात की हिला परत जायचंच नसणार, इतकं छान मिळालंय इथे. आणि गावी बहीण म्हणते तू काय आता परत येत नाहीस. मला कुठे राहायचंय ते दोघांनी परस्पर ठरवलं. मला घरीच राहायचंय, आईच्या घराची कौलं दर मे महिन्यात मीच पैसे पाठवून शाकारून घेते. मधे २०२२ पासून गोव्यात पासपोर्ट सरेंडर करून न घेता रद्द करायला लागले, सरेंडरचा दाखलाच नाही म्हणून कितीतरी लोकांचं ओसीआय अडकलं, २०२४ ला कुठे मार्ग निघाला. आम्हाला गाव नको असतं तर त्या कार्डासाठी एवढी धावपळ कोणी केली असती?

दादरकर७२:
ताई, तुमच्या मनाबद्दल शंका नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा. पण ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गोव्यात शेतजमिनी बांधकामासाठी बदलून घ्यायचे प्रकार चाललेत आणि ग्रामसभेत विरोधाला उभी राहायला माणसं लागतात. तुमच्यासारखी माणसंच मतदार यादीतून कमी झाली, माझा राग त्याचा आहे.

सासष्टीची:
हे खरंय आणि मला सगळ्यात जास्त तेच खातं. पण आमच्याकडची माणसं पासपोर्टच्या आधीपासून बोटीवर, आखातात, आफ्रिकेत जात होती. गावात पगाराची नोकरी असती तर माझा भाऊ माझ्यामागे आला नसता. पुढच्या वर्षी त्याचा मुलगा अर्ज करतोय, त्याला थांब म्हणायला माझ्याकडे काय आहे सांगा.