मदत हवी आहे: 'मार्फा शि बानी' हा रोमानियन चित्रपट कॉलेजच्या मुलांना दाखवायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या फिल्म सर्कलमध्ये पुढच्या महिन्यात क्रिस्ती पुयूचा 'मार्फा शि बानी' दाखवायचं मनात आहे. माल आणि पैसे असा नावाचा सरळ अर्थ. बाहेर तो 'स्टफ अँड डो' या नावाने लागला. २००१ चा, पुयूचा पहिलाच मोठा चित्रपट, त्या वर्षी कान महोत्सवात 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात होता. २००० साली रोमानियात एकही नवा कथापट प्रदर्शित झाला नव्हता, आणि त्यानंतर लगेच हा आला. पुढे रोमानियन नवसिनेमा म्हणून जे जगभर गाजलं, त्याची सुरुवात बरेच जण इथूनच धरतात.

गोष्ट थोडक्यात सांगते. कॉन्स्टान्त्सा हे काळ्या समुद्रावरचं बंदर. तिथला ओविदिऊ हा विशीतला पोरगा आईवडिलांच्या फ्लॅटमधूनच गोळ्या-चॉकलेटं, कोल्ड्रिंक विकतो. स्वतःचा धंदा थाटायचाय, पण हातात भांडवल नाही. इवानोव नावाचा गावातला वजनदार माणूस त्याला एक काम देतो: एक बॅग राजधानी बुखारेस्टला पोचवायची. आत औषधं आहेत म्हणे. ओविदिऊ सोबतीला वाली या मित्राला घेतो आणि वाली आपल्या मैत्रिणीला, बेतीला, घेऊन हजर होतो. तिघं व्हॅनने निघतात. वाटेत एक लाल जीप मागे लागते. शेवट सांगत नाही.

मला हा चित्रपट इतका जवळचा का वाटतो, तर वयात येण्याच्या बहुतेक प्रवासपटांत मुलगा वाटेत काहीतरी शिकतो आणि शहाणा होऊन घरी येतो. ओविदिऊचा प्रवास जेमतेम एका दिवसाचा आहे, आणि तेवढ्यात तो कुणाचा तरी माणूस होऊन बसतो. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, 'हो' तोच म्हणालाय. आणि हे सगळं घडतं कुठे, तर व्हॅनच्या पुढच्या सीटवर, किरकोळ गप्पांत: चिडवणं, कुरबुरी, बेतीला का आणलंस यावरून धुसफूस. कॅमेरा हातात धरलेला, बराच वेळ गाडीच्या आतच. लाल गाडी त्या तिघांना दिसते तेवढीच आपल्याला दिसते. आत कोण आहे, त्यांना नेमकं हवंय काय, कशाचाच पत्ता लागत नाही. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं 'एकदाच करायचं, भांडवल उभं राहिलं की सोडायचं' या भाषेत बोलतात. त्यांनी हा चित्रपट पाहायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता मदत कसली हवी ते. कॉलेजात रीतसर दाखवायचा तर परवानगी आणि चांगली प्रत कुठून मिळवायची? दुसरं, त्या काळच्या रोमानियाबद्दल, विशेषतः त्या रस्त्याबद्दल, कुणाला माहिती आहे का? सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचं आहे, आणि 'साम्यवादानंतरचा काळ' एवढंच म्हटलं तर मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. शिवाय जोडीला दुसरा कुठला चित्रपट दाखवावा?

प्रतिसाद १

मी नोकरीनिमित्त बुखारेस्टला असतो, म्हणून रस्त्याचं मी सांगतो. आज कॉन्स्टान्त्सा ते बुखारेस्ट सव्वादोनशे किलोमीटर अंतर महामार्गाने दोन-अडीच तासांत कापता येतं. लोक त्याला 'सूर्याचा महामार्ग' म्हणतात, कारण उन्हाळ्यात अख्खं बुखारेस्ट त्यावरून समुद्राकडे धावतं. पण फेतेश्ती ते चेर्नावोदा हा डॅन्यूब ओलांडणारा तुकडा तेवढा १९८७ चा. बुखारेस्टकडचा भाग २००४ मध्ये झाला आणि कॉन्स्टान्त्सापर्यंत सलग रस्ता २०१२ मध्ये जोडला गेला. म्हणजे ओविदिऊच्या वेळी बहुतेक वाट दुपदरी, गावागावांतून जाणारी.

मधला बराग्यानचा पट्टा एकदम सपाट आहे. गहू, मका, सूर्यफूल, ना घाट ना आडोसा. मागे लागलेली गाडी चुकवायची तरी कुठे! हे मुलांना नकाशावर दाखवाच.

आणि फ्लॅटमधून माल विकणं हे काही ओविदिऊचं वेगळेपण नव्हे. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यावर जुन्या सरकारी इमारतींच्या तळमजल्यांवर अशी दुकानं पुष्कळ निघाली, खिडकीतून सिगारेट आणि बिस्किटं विकायची. २००१ मध्ये एका डॉलरला सुमारे २९,००० लेई (रोमानियाचं चलन) पडत. पुढे २००५ मध्ये चार शून्यं काढून नवे लेई आणले. रोज घसरणाऱ्या नोटा मोजणाऱ्या पोराला कुणी रोकड देऊ केली तर तो बॅगेत काय आहे हे फार खोदून का विचारत नाही, ते यातून कळेल. बाहेर पडणंही सोपं नव्हतं: रोमानियन नागरिकांना शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं ते जानेवारी २००२ पासून.

प्रतिसाद २

ताई, फार चांगला विषय निवडलात. परवानगीसाठी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजच्या तुमच्या विभागीय कार्यालयाशी बोला आणि दिल्लीच्या रोमानियन दूतावासाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. दूतावास फिल्म सोसायट्यांना आपल्या देशाचे चित्रपट मिळवून देतात, निदान हक्क कुणाकडे आहेत ते तरी कळेल. पत्रात तारीख, प्रेक्षकसंख्या आणि तिकीट नाही ही गोष्ट स्पष्ट लिहा.

जोडीला पुयूचाच 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' घ्या. २००५ चा, कानला 'अं सर्तें रगार' विभागाचं मुख्य पारितोषिक मिळालेला. पटकथा दोन्हींची पुयू आणि राझ्वान रादुलेस्कू यांचीच. तिथेही गाडीच आहे, पण रुग्णवाहिका. एका म्हाताऱ्याला घेऊन ती रात्रभर बुखारेस्टच्या इस्पितळांतून फिरते.

आणखी एक. कॉन्स्टान्त्सा म्हणजे जुनं टोमिस. सम्राट ऑगस्टसने ओविद या कवीला रोमहून हद्दपार करून इथेच धाडलं होतं, त्याचा १८८७ चा पुतळा आजही तिथल्या चौकात उभा आहे. कवी राजधानीतून इथे फेकला गेला, आणि त्याच्याच नावाचा हा मुलगा इथून राजधानीकडे निघालाय. मुलांपुढे ठेवून पाहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पत्र उद्याच टाकते. लाझारेस्कू मलाही फार आवडतो, पण तो अडीच तासांचा आहे. एका दिवशी दोन्ही दाखवले तर दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष राहणार नाही, म्हणून तो पुढच्या सत्रासाठी ठेवते.

बुखारेस्टवाल्या दादांना एक विनंती: तुमच्याकडे त्या जुन्या रस्त्याचे किंवा खिडकीतल्या दुकानांचे फोटो असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि वाटेतल्या दोन-तीन गावांची नावंही द्या, म्हणजे फळ्यावर नकाशा काढताना कामी येतील.